स्टेशनपर्यंत पायी: बे एरियातल्या 'ओबॅग' निधीसाठी शहराची तयारी कशी करून घ्यावी

फ्रीमाँट, डब्लिन, मिलपिटस, सनीव्हेल, सॅन होजे. बे एरियातली आपली बरीचशी मंडळी याच पट्ट्यात राहतात. म्हणजे बार्ट, कॅलट्रेन या लोकल गाड्या किंवा सँटा क्लारा काउंटीच्या व्हीटीए या वाहतूक संस्थेची लाइट रेल फार लांब नसते. तरीही स्टेशनला जायचं तर गाडी काढावी लागते, कारण मधला रस्ता सहा लेनचा, फुटपाथ अर्ध्यात संपलेला आणि रस्ता ओलांडायचा सिग्नल पार पुढच्या चौकात. नगर परिषदेच्या बैठकीत कुणी हे विचारलंच, तर 'ग्रँट मिळाली की करू' असं उत्तर येतं.

ती ग्रँट, म्हणजे 'ओबॅग' हा प्रादेशिक वाहतूक निधी, कुठून येते, कशी मिळते आणि एका रहिवाशाला त्यात काय करता येतं, याविषयी हा लेख आहे. शहराच्या नियोजन आयोगावर किंवा सायकल-पादचारी समितीवर असलेल्यांना, परवडणाऱ्या घरांच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना आणि शहराच्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल. माझं मत आधीच सांगतो: या निधीचा निकाल अर्जावर फारसा ठरत नाही. अर्ज मागवले जाण्याच्या दोन-तीन वर्षं आधी नगर परिषदेने स्टेशनभोवती किती घरांना परवानगी दिली, तिथेच बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पैसा कोणाचा, आणि कशासाठी

मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन कमिशन, म्हणजे एमटीसी, ही ९ काउंट्या आणि १०१ शहरांची मिळून एक प्रादेशिक संस्था आहे. केंद्र सरकारचा रस्ते-वाहतुकीचा काही पैसा तिच्या हातून वाटला जातो. त्यातल्या दोन प्रवाहांतून, म्हणजे रस्त्यांसाठीचं सर्वसाधारण अनुदान आणि हवा सुधारण्यासाठीचं अनुदान यांतून, तिने २०१२ मध्ये 'वन बे एरिया ग्रँट' सुरू केली. सगळे तिला ओबॅग म्हणतात. तिसरी फेरी जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाली. ती २०२२-२३ ते २०२५-२६ या चार आर्थिक वर्षांची होती आणि सुरुवातीचा आकडा ७५ कोटी डॉलरचा होता.

पहिला गैरसमज इथेच दूर करून टाकू. या पैशातून इमारत बांधता येत नाही. हा वाहतुकीचा पैसा आहे. त्यातून फुटपाथ, क्रॉसिंग, सायकल मार्गिका, बस थांबे, पथदिवे होतात, स्टेशन परिसराचा आराखडाही होतो. मग घरांचा संबंध काय? घरं ही अट आहे. ज्या शहराने स्टेशनजवळ घरांना जागा दिली, त्याच्या रस्त्यांना पैसे.

पुण्याच्या मेट्रोची चर्चा वाचणाऱ्यांना हे उलटं वाटेल. तिकडे स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत बिल्डर जास्तीचा एफएसआय विकत घेतो आणि त्या प्रीमियमचा पैसा महापालिका आणि मेट्रोकडे जातो. तिथे दाट वस्तीची मागणी बिल्डरकडूनच येते. इथे बंगल्यांच्या उपनगरांना दाट वस्ती नकोच असते, म्हणून प्रदेशाला पैसे पुढे करून ती मागून घ्यावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये एमटीसीने राहण्याजोग्या वस्त्यांसाठी वाहतूक निधीचा एक छोटा कार्यक्रम काढला. १९९९ मध्ये सॅन मॅटेओ काउंटीने पुढचं पाऊल टाकलं: रेल्वे स्टेशनजवळ दाट घरं मंजूर करणाऱ्या शहराला दर बेडरूममागे ठरावीक रक्कम, तीही बांधकाम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. नुसत्या ठरावाला पैसे नाहीत. २००५ मध्ये एमटीसीने नव्या मार्गांनाच अट घातली: बार्ट वाढवायची असेल तर त्या मार्गावरच्या दर स्टेशनच्या अर्ध्या मैलात सरासरी ३,८५० घरं असायला किंवा आराखड्यात मंजूर व्हायला हवीत. लाइट रेलसाठी हा आकडा ३,३०० होता, फेरी बोटीसाठी ७५०. आजच्या अटींची मुळं इथे आहेत.

पहिली पायरी: नकाशात तुमची जागा शोधा

दोन नकाशे पाहायचे. पहिला 'प्रायॉरिटी डेव्हलपमेंट एरिया'चा, म्हणजे पीडीएचा. पीडीए म्हणजे शहराने स्वतःहून 'इथे आम्ही वाढ होऊ देऊ' म्हणून नोंदवलेला परिसर. ओबॅगमधल्या काउंटी हिश्श्यापैकी, म्हणजे काउंट्यांच्या वाहतूक संस्थांमार्फत अर्ज मागवले जातात त्या भागापैकी, अलमेडा, काँट्रा कोस्टा, सॅन मॅटेओ, सॅन फ्रान्सिस्को आणि सँटा क्लारा या पाच काउंट्यांमध्ये ७० टक्के पैसा पीडीएमध्ये किंवा पीडीएला जोडणाऱ्या कामांवर खर्चावा लागतो. मरिन, नापा, सोलानो आणि सोनोमा या उत्तरेकडच्या काउंट्यांमध्ये ही अट ५० टक्क्यांची आहे. तुमचा रस्ता पीडीएच्या बाहेर असेल तर उरलेल्या ३० किंवा ५० टक्क्यांत सगळ्यांशी स्पर्धा.

दुसरा नकाशा ट्रान्झिट-ओरिएंटेड कम्युनिटीज धोरणाचा, थोडक्यात टीओसी. हे धोरण सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. ते रेल्वे, लाइट रेल, बीआरटी (वेगळ्या मार्गिकेतली जलद बस) आणि फेरी बोट यांच्या थांब्यांच्या अर्ध्या मैलाच्या परिघाला लागू होतं. स्टेशनांचे चार स्तर केले आहेत. पहिल्या स्तरात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅन होजे यांच्या मध्यवर्ती भागांत, नव्या निवासी बांधकामासाठी एकरी किमान १०० घरांची घनता ठेवावी लागते. दुसऱ्यात ७५, तिसऱ्यात ५०, चौथ्यात २५. बहुतेक कॅलट्रेन आणि लाइट रेल स्टेशनं तिसऱ्या स्तरात येतात. हे आकडे फक्त नव्या बांधकामाचे आहेत. कुणाचं राहतं घर त्यामुळे पाडलं जात नाही. सभेत हा मुद्दा पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, आणि सांगूनही एक-दोन जण ऐकत नाहीत.

नकाशानंतर खरं काम: तो अर्धा मैल चालून बघा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असतील तर त्यांना बरोबर घ्या. ते गाडी चालवत नाहीत, त्यामुळे या रस्त्यांचा खरा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नसतो. सिग्नल किती सेकंद थांबवतो, हिरवा झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला ओलांडायला पुरतो का, बसायला बाक आहे का, सावली आहे का, संध्याकाळी दिवे कुठे नाहीत, हे फोटोंसह टिपून ठेवा. शहराच्या अभियंत्याकडे वाहनांची मोजणी असते. असली निरीक्षणं क्वचितच असतात आणि पुढे अर्जात तीच कामी येतात.

दुसरी पायरी: शहराची कागदपत्रं तपासा

हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ज बाद व्हायचे ते इथेच होतात. शहराकडे पुढच्या गोष्टी आहेत का ते पाहा:

- राज्याच्या गृहनिर्माण खात्याने मान्य केलेला हाउसिंग एलिमेंट, म्हणजे घरांचा आठ वर्षांचा आराखडा. २०२३ ते २०३१ या काळासाठी बे एरियाला एकूण ४,४१,१७६ घरांचं उद्दिष्ट मिळालं आणि त्यातला आपला वाटा कुठे बसवणार हे प्रत्येक शहराला दाखवावं लागलं. मुदत ३१ जानेवारी २०२३ ची होती. कितीतरी शहरांना ती गाठता आली नाही.
- त्या आराखड्याचा वार्षिक प्रगती अहवाल, जो दर वर्षी १ एप्रिलपर्यंत राज्याकडे जायला हवा.
- 'कम्प्लीट स्ट्रीट्स' धोरण: रस्त्याचं कुठलंही काम करताना पादचारी, सायकलस्वार आणि बस यांचा विचार करण्याची बांधिलकी.
- शहराच्या पडीक जमिनी विकताना परवडणाऱ्या घरांना आधी संधी देण्याच्या राज्य कायद्याचं पालन.
- स्थानिक रस्ते सुरक्षा आराखडा किंवा त्याच्या तोडीचं काही.

यातलं काही नसेल तर शहराच्या नियोजन विभागाला सौम्य पण लेखी विचारणा करा. लेखी प्रश्न परिषदेच्या सदस्यांपर्यंत पोचतो. काउंटरवर विचारलेला तिथेच राहतो.

टीओसीच्या चारही भागांची वेगळी यादी करा: घनता, घरं आणि विस्थापन, पार्किंग, स्टेशनपर्यंतची वाट. घरांच्या भागात तीन उपभाग आहेत: नवी परवडणारी घरं बांधणं, असलेली स्वस्त घरं टिकवणं आणि भाडेकरूंना संरक्षण देणं. प्रत्येकातून ठरावीक संख्येने धोरणं शहराला निवडावी लागतात. भाडेकरूंचा उपभाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुटपाथ सुधारला, झाडं लागली की भाडी वाढतात आणि ज्यांना बसची खरी गरज आहे तेच ट्रेसी किंवा मँटिकासारख्या लांबच्या गावांना फेकले जातात. टीओसी मंजूर करतानाच आयोगाने सांगितलं होतं की ओबॅगच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये या धोरणाचं पालन विचारात घेतलं जाईल. म्हणून हा भाग 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

राज्याचे कायदेही हाताशी ठेवा. एबी २०९७ मुळे जानेवारी २०२३ पासून मोठ्या थांब्याच्या अर्ध्या मैलात शहराला किमान पार्किंगची सक्ती बहुतेक ठिकाणी करता येत नाही. एबी २९२३ (२०१८) मुळे बार्टच्या मालकीच्या स्टेशनलगतच्या जमिनींना घनतेची किमान पातळी मिळाली. २०२५ मध्ये सही झालेल्या एसबी ७९ मुळे अलमेडा, सँटा क्लारा, सॅन मॅटेओ आणि सॅन फ्रान्सिस्को काउंट्यांत स्टेशनाजवळ बहुमजली इमारतींना वाट मोकळी झाली. म्हणजे शहराने मनात आणलं तरी बऱ्याच ठिकाणी आता 'नाही' म्हणता येणार नाही. घरं येणारच असतील तर त्यांच्याबरोबर फुटपाथचे पैसे तरी आणा, हा युक्तिवाद घरांना विरोध करणाऱ्यांनाही पटतो.

तिसरी पायरी: आराखडा नसेल तर आधी त्याचे पैसे मागा

स्टेशनभोवतीच्या परिसराचा विशेष आराखडा, ज्यात झोनिंग (कुठे काय आणि किती बांधता येईल याचे नियम), रस्ते आणि पर्यावरण परीक्षण एकत्र असतं, तो नसेल तर थेट बांधकामाचा अर्ज करू नये. एमटीसी पीडीए नियोजनासाठी वेगळे अनुदान देते. आधी नियोजनाचं अनुदान, मग झोनिंग बदल, मग बांधकामाचं अनुदान, असा हा क्रम आहे. यात पाच-सहा वर्षं सहज जातात. मुलगी सहावीत असताना सुरू केलेल्या फुटपाथवरून ती कॉलेजला जाईल, अशी मनाची तयारी ठेवा.

चौथी पायरी: प्रकल्प योग्य आकाराचा निवडा

अलमेडा, काँट्रा कोस्टा आणि सँटा क्लारा या दहा लाखांहून जास्त लोकवस्तीच्या काउंट्यांत किमान अनुदान ५ लाख डॉलरचं, बाकी ठिकाणी अडीच लाखांचं. हे किमान ठेवण्याला कारण आहे. पैसा केंद्राचा असल्याने त्याच्याबरोबर केंद्राचं पर्यावरण परीक्षण, ठरवून दिलेली मजुरी, अमेरिकन पोलाद वापरण्याची अट हे सगळं येतं. दोन क्रॉसिंग रंगवण्यासाठी एवढं करणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. छोटी कामं शहराच्या स्वतःच्या किंवा काउंटीच्या विक्रीकराच्या पैशातून करा आणि ओबॅगसाठी एक सलग मार्ग निवडा: स्टेशनच्या दारापासून शाळा, दुकानं आणि नव्या घरांपर्यंत.

नव्या घरांचा नेमका पत्ता अर्जात असू द्या. 'या परिसरात घरं येणार आहेत' असं मोघम लिहिण्यापेक्षा मंजूर झालेल्या प्रकल्पांची यादी, त्यातली परवडणारी किती आणि प्रत्येकापासून फुटपाथ किती अंतरावर, असा तक्ता द्या. जिथे उत्पन्न कमी आहे किंवा वांशिक अल्पसंख्याकांची वस्ती मोठी आहे अशा, एमटीसीने 'इक्विटी प्रायॉरिटी' म्हणून नोंदलेल्या वस्तीतून मार्ग जात असेल तर तेही स्पष्ट लिहा.

पाचवी पायरी: स्थानिक हिश्श्याचं गणित

कॅलिफोर्नियात या निधीबरोबर ११.४७ टक्के स्थानिक हिस्सा घालावा लागतो. चूक होते ती इथे: हा टक्का एकूण खर्चाचा आहे, अनुदानाचा नाही. समजा ५० लाख डॉलरचं अनुदान हवंय. त्याचे ११.४७ टक्के काढले तर ५,७३,५०० येतात, पण ते चूक. ५० लाख म्हणजे एकूण खर्चाचे ८८.५३ टक्के, म्हणून एकूण खर्च सुमारे ५६,४७,८०० आणि स्थानिक हिस्सा सुमारे ६,४७,८००. हा ७४ हजारांचा फरक शहराच्या अंदाजपत्रकात ऐनवेळी शोधावा लागला तर वित्त विभाग अर्जच मागे घ्यायला सांगतो.

त्यात महागाईची तरतूद धरा. आजच्या दराने काढलेला अंदाज बांधकाम सुरू होईपर्यंत शिळा झालेला असतो, आणि ठरलेल्या अनुदानापलीकडचा वाढीव खर्च शहरालाच भरावा लागतो. देखभाल कोण करणार तेही लिहून ठेवा. झाडांना पाणी कोण घालणार, यावरून शहर आणि वाहतूक संस्था यांच्यात पत्रव्यवहाराची फाइल जाड होत जाते आणि तोवर रोपं वाळतात.

सहावी पायरी: शेजाऱ्यांना आधी भेटा

नियमाप्रमाणे एक जाहीर सभा घेतली की 'लोकसहभाग' या रकान्यात टिक होते. पण त्या सभेला येतात ते पार्किंग जाणार म्हणून चिडलेले लोक. बस पकडायला धावणारी माणसं संध्याकाळी सात वाजता सभागृहात येत नाहीत. त्यांना बस थांब्यावर, मंदिरात, गुरुद्वाऱ्यात, किराणा दुकानापाशी गाठावं लागतं. मंडळाच्या गणेशोत्सवात एक टेबल टाकून नकाशावर टिकल्या लावून घेतल्या तरी सभेत न आलेल्या लोकांचं म्हणणं कागदावर येतं.

पार्किंगचा वाद निघाला की ओकलंडच्या फ्रूटव्हेलचं उदाहरण सांगा. १९९१ मध्ये बार्टने तिथे स्टेशनलगत बहुमजली पार्किंग इमारत उभारायचं ठरवलं. ती झाली असती तर स्टेशन आणि शेजारची बाजारपेठ यांच्यात भिंतच उभी राहिली असती. वस्तीने विरोध केला आणि युनिटी काउन्सिल या स्थानिक संस्थेने पर्यायी आराखडा मांडला. २००४ मध्ये तिथे ४७ घरं, ग्रंथालय, दवाखाना आणि दुकानं असलेला परिसर उभा राहिला, मधून चालायचा चौक थेट बाजाराकडे. पार्किंगही झालं, पण बाजूला. या कामाला निरनिराळ्या सरकारी खात्यांचे पैसे जोडत जोडत दहा वर्षांहून जास्त लागली. वस्तीने नुसता विरोध न करता स्वतःचा नकाशा पुढे केला, म्हणून ते जमलं असं मला वाटतं.

सातवी पायरी: अर्ज

काउंटी हिश्श्याचा अर्ज थेट एमटीसीकडे जात नाही. प्रत्येक काउंटीची वाहतूक संस्था अर्ज मागवते: अलमेडात अलमेडा सीटीसी, सँटा क्लारात व्हीटीए, सॅन मॅटेओत सी-कॅग, काँट्रा कोस्टात सीसीटीए. ती चाळणी लावून शिफारस करते आणि अंतिम निवड एमटीसी करते. नगर परिषदेचा पाठिंब्याचा ठराव लागतो. त्याची तारीख परिषदेच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवा. परिषदेच्या सुट्टीत मुदत येते आणि मग खास सभा बोलवावी लागते. बस किंवा रेल्वे संस्थेचं पत्र घ्या, पण 'आम्हाला आनंद होतो' छापाचं नको. थांबा कुठे हलणार आणि फेऱ्या किती, हे त्यात असलं पाहिजे.

घरांसाठी पैसा हवा असेल तर राज्याचा वेगळा कार्यक्रम आहे, परवडणारी घरं आणि शाश्वत वस्त्यांचा, ज्याला एएचएससी म्हणतात. कार्बन लिलावाच्या उत्पन्नातून तो चालतो. त्यात घरं, फुटपाथ आणि बससेवा एकाच अर्जात मागता येतात. स्टेशनालगतच्या प्रकारात बसायचं तर अर्ध्या मैलात गर्दीच्या वेळी दर १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर सेवा हवी. एकाच मार्गासाठी रस्त्याला ओबॅग आणि इमारतीला एएचएससी अशी जोडी जमवली तर दोन्ही अर्जांना एकमेकांचा आधार मिळतो.

आठवी पायरी: निधी मंजूर झाल्यावर

पेढे वाटायला हरकत नाही, पण लगेच काम सुरू करू नका. मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. आधी प्रकल्प प्रादेशिक वाहतूक सुधारणा कार्यक्रमात नोंदवला जातो. मग राज्याचं वाहतूक खातं, कॅलट्रान्स, त्याचं अधिकृत परवानगीपत्र देतं. कामाच्या लोकांच्या भाषेत ई-७६. त्या तारखेआधी केलेला खर्च परत मिळत नाही. सल्लागार आधीच नेमला, त्याचं बिल आलं, ते शहराच्या खिशातून.

केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. एमटीसीच्या नियमानुसार त्या वर्षाच्या निधीसाठीची विनंती १ नोव्हेंबरपर्यंत कॅलट्रान्सकडे जायला हवी आणि ३१ जानेवारीपर्यंत निधी प्रकल्पासाठी अधिकृतपणे राखला जायला हवा. मुदत चुकली तर पैसा दुसऱ्या प्रकल्पाकडे जाऊ शकतो. उलटं मोजत जा: ३१ जानेवारीला बांधकामाचा निधी हवा तर पर्यावरण परीक्षण, जमिनीच्या हक्काचा दाखला आणि नकाशे त्याआधीच्या उन्हाळ्यात तयार हवेत. सर्वांत जास्त वेळ खातो तो जमिनीच्या हक्काचा दाखला. एखाद्या पेट्रोल पंपाची दोन फूट जागा क्रॉसिंगसाठी लागत असेल, तर त्या मालकाशी बोलणं अर्जाच्या आधीच सुरू व्हायला हवं.

हा निधी परताव्याचा आहे. शहर आधी खर्च करतं, मग बिल लावतं. किमान दर सहा महिन्यांनी बिल गेलं नाही तर प्रकल्प 'निष्क्रिय' यादीत जातो, आणि त्या यादीत नाव दिसलं की पुढच्या अर्जाच्या वेळी प्रश्न येतात. एमटीसी शहराकडून एक ठरावीक संपर्क व्यक्ती मागते. ही व्यक्ती नोकरी सोडून गेली की प्रकल्पही थांबतो, म्हणून समितीवर असाल तर तिमाही अहवालात तीनच प्रश्न विचारत राहा: ई-७६ कधीचं, शेवटचं बिल कधी गेलं आणि आता फाइल कोणाकडे आहे?